मास्तरांची डेलिया

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे चिठ्ठीवर. दुकानात कापड आलं की आधी त्याला चिठ्ठी टाचायची, मग गिऱ्हाइकाला बसायला सांगायचं. हे वेड हळूहळू घरातही शिरलं. मीठ, साखर, सोडा, सगळ्या डब्यांवर मास्तरांचं अक्षर. "आता माझ्या कपाळावरही एक लावा," असं बायको म्हणायची, तर मास्तर त्यावरही थोडा विचार करायचे.

डेलियाचे कंद त्यांना ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने, दिले. आईने लावलेली ती लालभडक डेलिया. आई गेल्यावर ताईने जपली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर धाकट्याच्या हवाली केली. देताना म्हणाली, "एवढी तरी नीट सांभाळ." तो 'तरी' मास्तरांना लागला. ताईने दिलेली प्रत्येक वस्तू त्यांनी आजवर हरवली होती हे खरं, पण म्हणून ते बोलून दाखवायचं?

त्यांनी कंद कागदी पिशवीत घातले आणि पिशवीचं तोंड सुईदोऱ्याने शिवून टाकलं. बाजारातून आलेली रताळी शेजारच्या पिशवीत होती. हात चालूच होता, म्हणून तीही शिवली. मग निवांत चहा घेतला आणि त्यानंतर दोन्ही पिशव्यांवर चिठ्ठ्या टाचल्या.

हंगाम आला तशी डेलिया कुंडीत गेली आणि बघता बघता तरारली. कठड्यावरून उतरली, शेजाऱ्यांच्या कपड्यांच्या दोरीपर्यंत पोचली. डेलिया अशी सरपटते का, असं बायकोने विचारलं. मास्तरांनी तिला चिठ्ठी वाचायला सांगितलं.

मग ताईचा फोन आला. रविवारी फूल बघायला येते म्हणाली. कळीचा पत्ता नाही हे ऐकून तिने पानांची चौकशी केली. डेलियाची पानं जोडीने येतात, समोरासमोर, आणि काठाला करवतीसारखे दात असतात, हे तिने पुन्हा एकदा सांगितलं. मास्तर चष्मा लावून कुंडीपाशी गेले. एक पान इकडे, दुसरं वर तिकडे, आकार बदामाचा आणि काठ गुळगुळीत. कॉलरची दोन टोकं सुताएवढी मागेपुढे असली तर लांबून ओळखणाऱ्या माणसाला हे दिसायला सगळा हंगाम लागला होता.

"हे रताळं आहे," ते बायकोला म्हणाले.

"मग डेलिया कुठे गेली?"

दोघांना एकदमच आठवलं. पिशव्या शिवल्या त्याच आठवड्यात बायकोने रताळी उकडली होती. त्यांना गोडी म्हणून नव्हती. त्यावरून मास्तरांनी भाजीवाल्याला भर रस्त्यात सचोटीवर व्याख्यान दिलं होतं. आणि तरी दोनदा वाढून घेतलं होतं.

आईची शेवटची खूण आपण मीठ लावून खाल्ली, या विचाराने मास्तरांना खरंच रडू आलं. एरवी अशी संधी न सोडणारी बायको त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली.

रविवारी काय थाप मारायची हे मास्तरांनी ठरवून ठेवलं होतं, पण वेल दारातच ताईच्या पायात आली. तिने एक पान उलटंपालटं करून पाहिलं, मग भावाकडे पाहिलं.

"खाल्लीस?"

मास्तरांनी मान हलवली.

"कशी लागली?"

"पाणचट."

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत कोंब आलेले दोन कंद होते.

"सगळी डेलिया तुझ्या हवाली करायला मी काय वेडी आहे? अर्धी ठेवली होती. ओळखते ना तुला."

खरं तर मास्तरांना राग यायला हवा होता. पण त्यांना इतकं हायसं वाटलं की सवयीने त्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढली. ताईने ती काढून घेतली. पानं आली की कळेलच, म्हणाली.

कुंडी रिकामी करताना तळाशी टोपलीभर रताळी निघाली. त्यांतली सगळ्यांत मोठी निवडून मास्तर संध्याकाळी भाजीवाल्याला देऊन आले.