युजीनसरांचं व्हॉइड मेन

माणिकपूरला एका बेकरीच्या वर युजीन तुस्कानोंचा कॉम्प्युटर क्लास होता. बँकेतली नोकरी सोडून सरांनी तो काढलेला. शिकवायला उभं राहिलं की त्यांना तहानभूक आठवत नसे. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या पहिल्या दिवशी ते फळ्यावर ऐटीत ‘व्हॉइड मेन’, म्हणजे काहीच परत न करणारा मेन, लिहीत आणि म्हणत, “प्रोग्राम सुरू होतो तो इथून!” वर्षानुवर्षं हेच चाललं. जुन्या कॉम्प्युटरांनी कधी कुरकूर केली नाही.

२००३ साली नवी मशीनं आली, त्यांवर लिनक्स ही वेगळी सिस्टम. नव्या बॅचसमोर सरांनी हौसेने पहिला प्रोग्राम टाइप केला, तर तो चालेचना. पुन्हा केला. तेच.

जूचंद्रहून येणारी रचना पडद्यावरचा संदेश वाचून म्हणाली, “सर, तो म्हणतोय, मेनने इंटच, म्हणजे पूर्णांकच परत करायला पाहिजे.”

“हे कोणी ठरवलं?”

सरांनी तिथल्या तिथे इंटरनेटवर शोधलं. भाषेच्या स्टँडर्डमध्येच नियम होता. काम संपलं की मेन सिस्टमला एक आकडा कळवतो. शून्य म्हणजे सगळं नीट पार पडलं. प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा जुना कंपायलर आजवर नुसतं चालवून घेत होता! सर खदखदून हसले आणि खडू रचनाच्या हातात दिला. “लिही बाय, इंट मेन!”

घरी मात्र त्यांना जेवण जाईना. “रोझमेरी, किती पोरांना चुकीचं शिकवलं गं मी!”

“मग बोलवा की सगळ्यांना,” बायको म्हणाली. “मी कोंबडी करते.”

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर अंगण जुन्या-नव्या पोरांनी भरलं. सरांनी चूक सांगितली, तशी जुनी मंडळी एकमेकांकडे बघून हसायला लागली. अंधेरीला कंपनीत असलेला आग्नेल म्हणाला, “सर, आम्हांला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.”

“मग बोलला का नाय?”

“तुम्हांला वाईट वाटलं असतं.”

“अरे वेड्या, केवढी मजा आली असती मला! अजून काय काय चुकलंय? सांगा आताच.”

मग रचनाने हळूच हात वर केला, आणि पाठोपाठ चहूकडून हात वर झाले. वाद रंगला, रोझमेरीने रस्सा पुन्हा गरम केला. सर एकेक चूक आनंदाने कबूल करत गेले. एका मुद्द्यावर मात्र ते हटेनात, तेव्हा प्रोग्राम चालवूनच बघू म्हणत सगळी वरात क्लासकडे निघाली.