सतरंजी जाईल तिथे

मार्च १९९८. आज सतरंजी धुवायला काढली. ती मातीनं भरली ते बोरी गावच्या आमच्या सल्लागार बाईंमुळे. पाण्याच्या पाहणीत काय विचारायचं हे वस्तीतल्या बायकांनीच ठरवावं, म्हणून आम्ही बाईंना पाहणीच्या गटात घेतलंय. त्या आधी पदर खोचतात, मग हसतात आणि मग टोला देतात. ‘‘आमी सल्ला द्याचा आन तुमी मनाचंच करायचं, व्हय ना बाई?’’

काल सावली पाहून मी बैठक देवळाच्या मंडपात ठेवली. बौद्ध वस्तीतल्या बायका पायरीशीच थांबल्या. त्या मंडपात त्या कधीच बसत नसत. ‘‘या की आत,’’ मी म्हटलं. कुणी हललं नाही. त्यांच्याशिवाय पाहणीला काही अर्थ नव्हता.

बाईंनी पदर खोचला. ‘‘उठा राव जरा,’’ म्हणत त्यांनी आत बसलेल्यांच्या खालची सतरंजी गुंडाळली आणि डोक्यावर घेऊन चिंचेकडे निघाल्या.

‘‘अवो, आमी कुठं बसायचं?’’ सरपंच ओरडले.

‘‘सतरंजी जाईल तितं!’’

सगळे हसत मागून गेले. चिंचेखाली वस्तीतल्या बायका इतक्या बोलल्या, की लिहून माझा हात दुखला.

आज सकाळी, धुण्याआधी, सतरंजी घेऊन मी बाईंच्या दारात गेले आणि पुढची बैठक कुठे घ्यायची ते विचारलं. त्यांनी पदर खोचला.