सुकी ठेवायची नळी

दिग्रसच्या बसस्टँडमागं माह्यं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या, विहिरीच्या जळलेल्या मोटरी येतात. मी जुनी तार काढतो, नवी गुंडाळतो, दांड्याभोवतून पाणी आत शिरू नये म्हणून असते ते सील घासून देतो. जन्म गेला यातच. समुद्र मी एकदाच पाह्यला, तोही पोरीमुळे.

दुकानाचे कायदे दोन. पहिला, बोअरची मोटर सुकी सोडायची नाही. आधी तिच्या पोटात स्वच्छ पाणी भरायचं, हलवून हलवून बुडबुडे काढायचे, मंग बूच कसायचं. नाही त एका दिवसात राख. दुसरा, मोटर बिघडून वापस आली त गिऱ्हाइकापुढं कारागिराचं नाव घ्यायचं नाही. कोणाच्या का हातानं बिघडली असन, मालकानं म्हणायचं, "माह्या दुकानातून गेली, माही चूक." पोरगी लहानपणी नरसाळं धरून बाजूले उभी राहे. तिनं हे दोन्ही कायदे तिथंच पाठ केले.

मंग ती शिकली, इंजिनीअर झाली, अन् समुद्रकाठच्या एका छोट्या कंपनीत लागली. बंदराच्या तोंडाशी दुश्मनानं पेरलेले सुरुंग हुडकायचं बिनमाणसाचं यंत्र ते बनवत होते. पाण्याखाली स्वतःच जाते, स्वतःच परत येते. त्याची सारी टीम तिच्या हाताखाली. आमच्या यवतमाळकडची पोरगी, जिथं उन्हाळ्यात पोहायले पाणी सापडत नाही! लोक इचारत, "तुमची पोरगी काय करते जी?" मी म्हणो, "नौदलासाठी पाण्यात मोटरी सोडते." हसू नका, मले तेवढंच समजे.

मोटर ज्या बंद नळीत बसवत ती नळी खोल पाण्याचा दाब चेपून टाके, तिथं त्यायचं गाडं अडलं होतं. नळी जाड केली, अजून जाड केली, त यंत्रच जड होऊन बसलं. तवा तिनं मोटरी आतून तेलानं भरायले लावल्या. आत भरलेलं असलं का चेपायले जागाच राहत नाही. फोन करून म्हणे, "बाबा, ही तुमच्या दुकानाची आयडिया हाय. मी मिटिंगमधी तसं सांगतलं बी." आठ दिवस मले आकाश ठेंगणं झालतं. चहाच्या टपरीवर हरेकाले पकडून सांगतलं. त्या फुशारकीनंच घात केला.

नौदलाच्या साहेबायपुढं चाचणी सोमवारी होती. त्याच्या आधीच्या बुधवारी ती घरी आली. बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली एक नळी, यंत्राच्या शेपटीची. शेपटीचा पंख हलवणारा दांडा जिथून बाहेर निघते, तिथलं सील थेंब थेंब गळत होतं. नवं सील यायले महिना लागला असता. काचेवर पेस्ट लावून सील हातानं घासणं आता कोण करते? मी करतो. म्हणून स्वतःच्या सहीवर ती नळी कंपनीतून काढून आणली होती. मले दिली अन् म्हणे, "रबराची रिंग यवतमाळले भेटते का पाहून येते."

मी दुपारभर सील घासलं. आरशासारखं केलं, बसवलं. अन् मंग हात आपसूक नरसाळ्याकडे गेला. नळीले बूच होतं, आपल्या मोटरीले असते तसंच. म्हटलं, पोरीले तयार करूनच देऊ. तेल कोणतं टाकतात ते माहीत नव्हतं, पाणी त माहीत होतं. गाळून पाणी भरलं, हलवून बुडबुडे काढले, बूच कसलं, पुसून ठेवली. शिट्टी वाजवत होतो मी, शिट्टी! झडले काहून नाही हे हात?

संध्याकाळी ती आली. नळी उचलली अन् तशीच थांबली.

"बाबा, जड काहून लागून राह्यली?"

"पाणी भरलं न. सुकीच देऊ काय?"

तिनं नळी हळूच खाली ठेवली. साऱ्या यंत्रात ही एकच नळी सुकी ठेवायची होती. यंत्राचं डोकं, त्याचं सर्किटचं कार्ड, याच्यातच होतं. अन् बूच होतं हवा भरून गळती पाहायले. तिनं सांगतलं नाही, मी इचारलं नाही. पाणी घमेल्यात ओतलं त हिरवट निघालं. पाणी लागल्यावर आतल्या सेलच्या करंटनं कार्ड खाऊन टाकलं होतं. मी म्हटलं, "शिव्या दे मले, काही त बोल." ती म्हणे, "बाबा, जेवून घ्या."

सोमवारी मीही तिच्यासंगं गेलतो. मले साहेबायले सांगायचं होतं का पाणी मी भरलं, पोरीची काही गलती नाही. गेटावरच्या शिपायानं आत सोडलं नाही. बाहेर रस्त्यावर उभा राहून दिवसभर तो समुद्र पाह्यला. एवढं पाणी, अन् माह्या तांब्याभर पाण्यानं सत्यानाश केला.

ती बाहेर आली तवा ऊन उतरलं होतं. तिनं सांगतलं, कंपनीत पडलेलं एक जुनं कार्ड टाकून यंत्र सोडलं, ते जागच्या जागी गोल फिरलं अन् मंग बंदराच्या धक्क्याच्या भिंतीले जाऊन ठोकलं. मी म्हटलं, "मले आत ने. मी सांगतो काय झालं ते."

"सांगून झालं, बाबा."

"काय सांगतलं?"

"माह्या टीममधून गेलं, माही चूक."

काम बंद झालं. टीम मोडली, यंत्र गोदामात पडलं आहे. ती आता त्याच कंपनीत दुसऱ्याच्या फायली तपासते. दर रविवारी फोन येते, "बाबा, जेवले का?" मी म्हणतो, जेवलो. त्या दिवसाचं ती काही काढत नाही, मीही काढत नाही.

मागच्या महिन्यात दुकानातून गेलेली एक मोटर जळून वापस आली. गिऱ्हाइक तणतणत होता, कारागीर खाली मान घालून उभा. मी तोंड उघडलं, पण "माही चूक" हे दोन शब्द काही केल्या निघेनात. निघतीन तरी कसे? जी चूक खरंच माही होती, ती पोरीनं मले म्हणूच देली नाही.