आराखड्यात माझी हातगाडी नाही

आज सकाळी अकराला शिरूरच्या बाजारपेठेचा रस्ता सुधारण्यासाठी बैठक होती. फुटपाथ, झाडं आणि बाकडी दाखवणारा आराखडा भिंतीवर लावला होता.

मी मोबाइल कव्हरची हातगाडी लावतो, तिथे बाकडं होतं. शेजारी केळी विकणाऱ्या आप्पांच्या जागी झाड होतं. मी आराखडा करणाऱ्या साहेबांना घाबरतच विचारलं, "साहेब, पाहणी कोणत्या वारी केली?"

"सोमवारी. रस्ता मोकळा मिळतो."

आप्पा हसले. "आवो साहेब, सोमवारी पेठ बंद असती. मोकळा न्हाई तर काय मिळंल?"

साहेबांनी पुन्हा पाहणी करायचं कबूल केलं, वार मात्र सांगितला नाही. म्हणून उद्यापासून गाडी रोज लावणार आहे, सोमवारीसुद्धा.

तुमच्या पेठेची पाहणी कोणत्या वारी झाली?