थंड रुळाचा सेन्सर

लंडनमधल्या क्रॉयडनच्या ऑफिसात मला नोकरी लागली ती सरांमुळे. ते पुण्याचे, मी नागपूरची. ते रेल्वेच्या विजेच्या कामात पंधरा वर्षं मुरलेले, मी वर्क परमिटवर नुकतीच आलेली. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला खोली बघून दिली, बँकेत खातं उघडायला सोबत आले. "काय करून राहिली गं?" अशी माझ्या बोलीची नक्कल करत टेबलापाशी थांबायचे. मी हसायचे. परक्या देशात आपल्या भाषेत कुणी चिडवलं तरी बरं वाटतं.

आमच्याकडे सांध्यांच्या हीटरचं काम होतं. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथले सरकते रूळ हिवाळ्यात बर्फाने जाम होतात, म्हणून त्यांना विजेच्या पट्ट्या लावतात. पट्ट्या कधी चालू करायच्या हे रुळालगतची पेटी ठरवते, आणि तिला खबर देतात दोन सेन्सर. एक तापवलेल्या रुळावर, दुसरा जरा लांबच्या थंड रुळावर. ऑक्टोबरात एका जंक्शनवर तपासणीला गेले तेव्हा दिसलं, थंड रुळाचा सेन्सरही हीटरच्याच रुळावर बसवलाय. म्हणजे बाहेर कितीही गारठा असो, हीटर जरा तापला की पेटीला वाटणार सगळं ऊबदार आहे, आणि ती हीटर बंद करून टाकणार. मी तपासणीच्या शीटवर लाल पेनाने तसं लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं.

"बरोबर पकडलंस," ते म्हणाले. "पण हे आत्ता लिहिलं तर हँडओव्हर अडकेल, रेल्वे काम ताब्यात घेणार नाही. मी उद्याच माणूस पाठवून सेन्सर हलवून घेतो. तू नवीन शीट भर, क्लीन."

"सर, हलवल्यावर भरू का?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

मी नवीन शीट भरली. सही केली. लाल पेनाचा कागद त्यांनी घडी घालून खिशात टाकला.

माणूस कधी गेलाच नाही. फेब्रुवारीत बर्फ पडलं आणि त्या जंक्शनचे सांधे सकाळी गोठून बसले. दुपारपर्यंत गाड्या उभ्या होत्या. चार दिवसांनी चौकशीच्या मीटिंगमध्ये माझी सही असलेली शीट टेबलावर आली. मी जे घडलं ते सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी कळवळ्याने, आणि साफ इंग्रजीत म्हणाले, "असं बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. मी तिच्या सहीवर विश्वास ठेवला."

मी दुसरी काही चूक केली असती तर कदाचित विसरले असते. पण ती सही माझी होती, आणि ती त्यांनी मागितल्यावर मी दिली होती, हे मला आत जाळत राहिलं.

माझं साइटवर जायचं सर्टिफिकेट काढून घेतलं. चौदा महिने मी खिडकीजवळच्या टेबलावर जुन्या नकाशांचे नंबर बदलत बसले. परमिट कंपनीच्या नावावर होतं, नोकरी सोडली तर देश सोडावा लागला असता. सर माझ्या टेबलावरून जाताना आता थांबत नसत. आपल्या मंडळींत मात्र बोलत राहिले. "हुशार आहे हो, पण हलगर्जी." दिवाळीच्या कार्यक्रमात एका बाईंनी मला ते जसंच्या तसं ऐकवलं, वर समजूतही घातली. मी ताट ठेवून घरी आले. त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. कशाची ते ठाऊक नव्हतं.

पुढे लग्न झालं, व्हिसाचा प्रश्न सुटला आणि मी बर्मिंगहॅमला दुसऱ्या कंपनीत गेले. सगळ्या परीक्षा पहिल्यापासून परत दिल्या. काही वर्षांनी मीच परीक्षक झाले. वीज बंद करून सुरक्षित काम करता येतं की नाही, हे साइटवर जाणाऱ्या प्रत्येकाला ठरावीक काळाने आमच्यापुढे करून दाखवावं लागे. एका सोमवारी यादी उघडली आणि तिसरं नाव सरांचं होतं.

फॉर्मवर एक चौकट असते. उमेदवार तुमच्या ओळखीचा आहे का? असेल तर परीक्षा दुसरा कुणी घेतो. मी 'नाही' वर खूण केली.

ते आत आले. केस बरेच गेले होते. मला बघून आधी दचकले, मग तोंडभर हसले. "अरे वा! म्हणजे आज घरचीच परीक्षा!"

"इंग्लिश प्लीज," मी म्हटलं.

काम सोपं होतं. तारेत वीज नाही हे सिद्ध करायचं. त्यासाठी टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासतात, मग त्या तारेला लावतात, आणि मग पुन्हा चालू सप्लायवर. शेवटची पायरी अशासाठी की मधेच टेस्टर बिघडला असेल तर जिवंत तारही मेलेली दिसते. सरांनी पहिलं केलं, दुसरं केलं, टेस्टर खाली ठेवला आणि हातमोजे काढू लागले.

नियमाप्रमाणे मी एकदा विचारू शकत होते, आणखी काही राहिलंय का? एरवी मी सगळ्यांना विचारायचे. घाबरलेल्या माणसाला तेवढा हात द्यावा लागतो. त्या दिवशी मी पेन धरून गप्प बसले. त्यांनी दुसरा हातमोजा काढेपर्यंत पुष्कळ वेळ होता, आणि तो सगळा वेळ मी चवीने घेतला.

"डन," ते म्हणाले.

मी 'नापास' लिहून फॉर्म सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला. त्यांचा चेहरा उतरला. मग मराठीतच, दबक्या आवाजात म्हणाले, "तू मुद्दाम केलंस. आपण एकत्र काम केलंय, आणि तू ते लपवलंस. मी तक्रार करू शकतो."

आता मीही मराठीत बोलले. "करा ना. कुठे काम केलं, कोणत्या जंक्शनवर, तेही लिहावं लागेल. सगळं लिहा. मीही लिहीन."

त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला. मग सही केली. सही पूर्ण होईपर्यंत मी नजर हटवली नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता, थांबला. "दुसरा कुणी असता तर विचारलं असतंस?"

"हो."

"मग हे बरोबर नाही."

"नाही," मी म्हटलं, आणि ताटं घेतली. त्या दिवशी मला सडकून भूक लागली होती.

तक्रार आली नाही. दोन महिन्यांनी सर दुसऱ्या केंद्रावर पास झाले, पण तोवर त्यांचं हिवाळ्याचं मोठं काम दुसऱ्याकडे गेलं होतं आणि त्यांना ऑफिसात कागदपत्रांवर बसवलं होतं. ही बातमी क्रॉयडनच्या एका जुन्या मैत्रिणीने फोनवर दिली. "रोज डबा घेऊन येतात, कुणाशी बोलत नाहीत," ती म्हणाली. "बघितलं की कसंतरीच वाटतं गं."

आवाज नीट येत नाही असं खोटंच सांगून मी तिला ते पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावलं.