लोणच्याला न लागलेला हात

माझे तळहात लहानपणापासून ओले. उन्हाळा असो की पौषातली थंडी, बोटांच्या टोकांवरून घाम टपटपायचा. वडिलांनी हौसेने पाटी हाती दिली, तर काढलेले अक्षर माझ्याच हाताखाली पुसले जाई. ठाण्याच्या वैद्यांनी तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायला सांगितले. त्याने कातडी सुरकुतली, घाम होता तसाच राहिला.

कल्याणची मंडळी मला पाहायला आली, त्या दिवशी आत्याने माझ्या तळहातांना तांदळाची पिठी चोळली आणि बजावले, "हात उघडू नकोस. लग्न झाल्यावर काय ते बघू." मंडळी आगगाडीने आली, होणाऱ्या सासूबाई तेवढ्या विटाळ नको म्हणून खाडीने होडीतून आल्या. एवढ्या कडक बाईला फसवायचे म्हणून मी मुठी घट्ट आवळून बसले. आईने मात्र आत्याला अडवले नाही. त्याचा मला फार राग आला.

सासरी नांदायला आले ती हे ओझे घेऊनच. कळले तर माहेरी धाडतील, ही धास्ती. कोणी समोर आले की मी पदराला हात पुशी. वर्षभरात पदराचे ते टोक पार विटून गेले.

मग वैशाखात कैऱ्या आल्या. लोणच्याला ओला हात लागला की बुरशी धरते, हे शेंबडे पोरही जाणते. सासूबाई सोवळ्यात बसल्या होत्या, मीही सोवळे नेसले होते. पुढ्यात फोडी, मीठ, मोहरी, हळद.

"ये गं, कालव."

मी हात पुसून बसले.

"ओले दिसतात. नीट पुसून ये."

पुसून आले. पुन्हा ओले. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझा हात धरून उलटा केला आणि मला रडूच कोसळले. सगळे सांगून टाकले, पिठीसकट.

सासूबाई चक्क हसायला लागल्या. "अगं वेडे, तुझ्या आईने त्याच दिवशी मला मागीलदारी नेऊन सांगितलंन. म्हणाली, मागाहून कळून माझ्या लेकीला बोल नको, काय ते आत्ताच ठरवा. तिच्या खरेपणावर तर मी होकार दिला. वर्षभर वाट बघत्ये, तू कधी सांगतेस म्हणून. शेवटी म्हटलं, लोणच्याला बसवलं की बोलेल."

इतके हलके मला त्याआधी कधीच वाटले नव्हते. फक्त आईवर वर्षभर धरलेल्या रागाचे आता काय करावे, ते कळेना.

लोणचे सासूबाईंनीच कालवले. मला त्यांनी भाकऱ्यांना बसवले. तांदळाची भाकरी ओल्या हातानेच थापायची असते.

श्रावणात त्यांनी बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. आत पांढरीशुभ्र बुरशी! सासूबाईंनी बरणीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बरं झालं हो, तुझा हात लागला नव्हता," त्या म्हणाल्या. "लागला असता ना, तर सगळं माहीत असूनही मी ते तुझ्याच माथी मारलं असतं."

त्यानंतर त्यांच्यासमोर मी कधी पदराला हात पुसले नाहीत.