पाच वर्ग, एक मॅडम आणि मावसाजींचा अर्ज

सरकारवर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच उरला आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. तुम्ही-आम्ही सरकारला शिव्या देतो, आमचे मावसाजी अर्ज देतात. नळाला पाणी कमी आलं, अर्ज. खांबावरचा दिवा गेला, अर्ज. "सरकार बहिरं नाही बे," ते मला सांगायचे, "त्याले फक्त तोंडी सांगितलेलं ऐकू येत नाही." अर्ज तीन प्रतींत, मधे कार्बन, आणि आपल्या प्रतीवर शिक्का पडल्याशिवाय हा माणूस खिडकीसमोरून हलायचा नाही. मागची रांग बोंबलेना का!

खोड जुनीच. उभा जन्म हिंदी मुलखातल्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडण्यात गेलेला. सख्ख्या मेव्हण्याला, म्हणजे माझ्या मामाला, दोन मिनिटं उशीर झाला तर त्याच्या नावापुढे 'लेट' लिहून संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला जाणारा हा गृहस्थ. रिटायर होऊन तिथल्याच वैशाली नगरात घर बांधलं, तरी मोजणं सुटलं नाही. पोरीच्या लग्नात मांडवाच्या दारात वही घेऊन उभे! जेवण होताच सटकू पाहणाऱ्या माझ्या बाबांना अडवून म्हणाले, "साडूभाऊ, हाफ डे लावू का?" बाबा आठ दिवस रुसले होते.

त्यांच्या घरामागे सरकारी प्राथमिक शाळा होती. पाच वर्ग आणि एकच मॅडम. मावशीकडे भांडी घासायला येणाऱ्या सुखबतीची मुलगी गीता तिथे चौथीत. मॅडम सरकारी माहितीचे कागद भरायला बसल्या की पहिलीच्या पोरांकडून अक्षरं गिरवून घ्यायचं काम या गीताकडे. हातात पट्टी, आवाज थेट मॅडमसारखा. मावसाजींनी एक दिवस भिंतीवरून हे पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. "पाच मशीन आन एक ऑपरेटर? अशानं प्लांट एक पाळी तरी चालन का?" प्लांटमध्ये माणूस कमी पडला की टाइम ऑफिस आकडा कळवायचं आणि दुसऱ्या खात्यातून माणूस यायचा. सरकारचंही असंच असणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. झालं, आठ दिवस सकाळी शाळेच्या फाटकाशी वही घेऊन उभे राहिले आणि रोज किती पोरं खरोखर आली याचा सुबक तक्ता अर्जाला जोडला.

मॅडम घरी धावत आल्या. "बाबूजी, टीचर माँगिए, पर बच्चों की गिनती मत लिखिए." पटावरची बरीच पोरं आईबापांसोबत वीटभट्टीवर गेलेली होती. पावसाच्या आधी ती परतायची, म्हणून त्यांची नावं मॅडमनी जपून ठेवली होती. मावसाजी ताठ झाले. "मॅडम, हमने सगे साले को नहीं छोड़ा. काग़ज़ पे झूठ नहीं होगा." मलाही तेव्हा त्यांचंच बरोबर वाटलं. स्कूटरवरून त्यांना शिक्षण खात्याच्या ऑफिसात नेणारा मीच, त्यामुळे हे पाप अर्धं माझ्याही माथी आहे.

तीन महिने काहीच झालं नाही. मग एक दिवस शाळेसमोर जीप थांबली. मावसाजींना आकाश ठेंगणं! मावशीला चिवडा करायला लावला, साहेबांना घरी आणून चहा पाजला. साहेबांनी तक्ता चाळला आणि म्हणाले, "आपने तो हमारा आधा काम कर दिया." मावसाजींनी हे वाक्य मला फोनवर दोनदा ऐकवलं.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. पोरं फार कमी, तेव्हा ही शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन. मॅडमची बदली झाली. मावसाजींना वेगळं पत्र आलं, की शिक्षकांच्या कमतरतेबाबतच्या आपल्या तक्रारीचं निराकरण करण्यात आलं आहे. आणि खोटं काय होतं त्यात? पलीकडच्या शाळेत शिक्षक पुरेसे होतेच. मेल्यांनो, आम्ही शिक्षक मागितला, आणि तुम्ही पोरं कमी म्हणून शाळाच उचलून नेलीत! पोरं मोजता येतात तुम्हाला, मधला रस्ता कोण मोजणार? त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात आणि सुखबती पहाटेच कामाला निघते. लेकीला रस्ता ओलांडून द्यायला घरी माणूस नाही.

मावसाजी स्वतः निघाले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गीताचं बोट. जेमतेम दोन आठवडे गेले असतील, एका ट्रकनं वळताना त्यांना धक्का दिला. जिवावर बेतलं नाही, गुडघ्यावर निभावलं. सुखबतीनंच हात जोडले, "रहन दे बाबूजी. दोनों चले जाहू." एक दिवस दोघंही जिवानिशी जाल, म्हणाली. गीताचं नाव पलीकडच्या पटावर आहे म्हणे अजून. ती मात्र आईबरोबर कामाला येते.

मागच्या रविवारी गेलो तर मावसाजी मागच्या ओसरीवर, पाय लांब करून बसलेले. नळाशी गीता भांडी घासत होती. मावसाजी तिच्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "मी खरंच लिवलं होतं ना बे?"

"खरंच लिहिलं होतं, मावसाजी."

"मंग?"

मी चहा संपवला. मावसाजींनी काठी ओढली, कण्हत उठले आणि आपला रिकामा कप घेऊन नळाशी गेले. "सरक जरा, बाई," म्हणाले. गीता "मैं धोत हँव ना" म्हणत राहिली, पण त्यांनी कप काही दिला नाही. मावशी दारातून मला सांगत होती, जन्मात कधी उष्टी बशी उचलली नाही या माणसानं, आणि आता रोज असंच करतात. मग आमचा दुखऱ्या गुडघ्याचा म्हातारा त्या पोरीशेजारी वाकला आणि तो एवढासा कप कितीतरी वेळ धूत राहिला.